पायाला पाय

१

शेतीची लाईट गेली की माकणीच्या शिवारातल्या मोटारी एकदम मुक्या व्हायच्या. त्या शांततेसाठीच महेश्वरी चहाचा कप घेऊन संगणकाच्या पडद्यासमोर येऊन बसायची.

कालव्याच्या कडेला पाटकऱ्यांसाठी कधीकाळी बांधलेली ती पत्र्याची खोली. आत लोखंडी टेबल, दोन खुर्च्या, बॅटऱ्यांची रांग, आणि कोपऱ्यात ट्रंकेएवढी एक पेटी. पेटीतला पंखा सारखा घुमत असायचा. तिच्यातून निघालेली केसाएवढी बारीक काचेची तार रबरी नळीत घालून बांधाबांधानं पुरली होती, पार धरणाकडच्या माळापर्यंत. पेटी तारेत उजेडाचे ठोके सोडायची. जमीन कुठं जराशी थरथरली की त्या जागचा उजेड परतताना अडखळायचा, आणि त्याची खूण पडद्यावर उमटायची. म्हणजे ती तार नव्हतीच. जमिनीत पुरलेले हजारो कान होते. खालचा पाषाण कुठं सलग आहे आणि कुठं तुटलाय, त्याचा नकाशा करायचा होता. या भागात हे काम कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. भूकंपाचं म्हटल्यावर लोकांनी आपणहून बांध मोकळे करून दिले.

"निघाले बगा मामा," व्यंकट म्हणाला. व्यंकट नळदुर्गचा. पेटी, बॅटऱ्या, तारेचे सांधे सगळं त्याच्याकडं.

बब्रुवानमामांचं शेत तारेच्या मध्यावर पडायचं. रानडुकरांनी चर उकरला का, कुणी नांगर घातला का, ते पाहत रोज सकाळी तारेच्या अंगानं चालत यायचं काम त्यांच्याकडं होतं. पडद्यावर त्यांचं चालणं तिरप्या रेघेसारखं उतरायचं. मामा डाव्या पायानं अधू होते, त्यामुळं रेघही लंगडी होती. एक ठळक ठिपका, एक पुसट फराटा, ठिपका, फराटा. महिनाभरात महेश्वरीला ती रेघ माणसाच्या चेहऱ्यासारखी ओळखीची झाली होती.

त्या सकाळी रेघेच्या मागं अजून एक रेघ होती. तशीच, पण फिकट.

"मामांबरोबर कुणी आहे का रे?"

"न्हाय. एकलेच हायत. म्या आत्ताच बघितलं की दारातून."

"मग पाषाणावर आपटून येत असेल," ती म्हणाली. पडसाद असाच दिसतो, हे ती विद्यार्थ्यांना शिकवायची तेव्हापासून सांगत आली होती.

मामा आले. उंबऱ्यावर टेकले, बशीत चहा ओतून फुंकर घालू लागले. त्यांची ठळक रेघ खोलीपाशी येऊन संपली होती. फिकट रेघ मात्र अजून आली नव्हती. मामांचा अर्धा चहा होईपर्यंत ती येत राहिली. ठिपका, फराटा, ठिपका, फराटा. मग उंबऱ्याखाली येऊन थांबली.

व्यंकटनं महेश्वरीकडं पाहिलं.

"काय झालं ताई? बिघाड हाय का?" मामांनी विचारलं.

"काही नाही मामा. चहा घ्या."

२

महेश्वरी उमरग्याची. वडलांचं बसस्टँडजवळ कापडाचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकानं काही सांगितलं तर आधी माप घ्यायचं, मग बोलायचं, हे ती त्या दुकानात शिकली होती. तिला भीती वाटली नाही. चीड आली.

पडसाद उशिरा येतो, पण तो उशीर डोळ्यांचं पातं लवण्याइतका असतो. अर्धा कप चहा होईपर्यंत पडसाद रेंगाळत नाही. म्हणजे पेटी चुकतेय. जुनीच नोंद पुन्हा उगाळतेय. व्यंकटनं पेटी बंद करून सुरू केली, सांधे पुसले, तारेचं टोक नवं कापून जोडलं.

मग तपासणी. लाईट जाण्याची वाट पाहायची, मोटारी थांबल्या की सुरू करायचं. व्यंकटनं लोखंडी पाट्यावर घण मारला. पडद्यावर एकच ठोका आला, स्वच्छ, आणि खाली पाषाणाचा खराखुरा पडसाद, जसा असावा तसा. मग व्यंकट चालला. एकच रेघ. महेश्वरी चालली. एकच रेघ. दुसऱ्या सकाळी मामा चालत आले, आणि दोन.

तिनं फिकट रेघेतला एक ठिपका ताणून मोठा केला. माणसाचं पाऊल पडलं की माती आधी दबते, मग सुटते. मामांच्या ठिपक्यात तसंच होतं. फिकट ठिपक्यात माती आधी सुटत होती, मग दबत होती. तिनं दुसरा ठिपका पाहिला, तिसरा पाहिला. सगळे उलटे.

"ह्येचा अर्थ काय मॅडम?" व्यंकटनं मागून विचारलं.

"तारेची बाजू उलटी धरली गेली असेल."

"एकाच मानसापुरती?"

अर्थ तिला कळला होता, पण तो मोठ्यानं म्हणण्यासारखा नव्हता. त्या पावलांचा भार वरून खाली येत नव्हता. खालून वर येत होता. जमीन म्हणजे एखादं छत असावं, आणि त्याला उलटे पाय लावून कुणीतरी चालावं, तसा.

३

दुपारी ती मामांच्या घरी गेली. जुनं गाव पडल्यावर मिळालेली ती सिमेंटची दोन खोल्यांची घरं. पुढं मामांनी पत्रा टाकून पडवी केली होती. गौराबाई, मामांच्या मंडळी, चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांनी न विचारताच ताट वाढलं. शेंगाची चटणी, वांगं, दही.

"मामा, चालताना काही वेगळं वाटतं का हल्ली?"

गौराबाईंचा हात भाकरीवर थांबला. "सांगा की. मला सांगता तसं सांगा ताईला बी."

मामा ओशाळं हसले. "काय न्हाय वो. पायाला पाय लागतो."

"म्हणजे?"

"आता कसं सांगू... लहानपणी आमी दोगं भाऊ एका वाकळंत झोपायचो. एकाचं डोस्कं हिकडं, एकाचं तिकडं. रातच्याला तळव्याला तळवा लागायचा. तसंच. म्या पाय टेकला की खालनं बी कुनीतरी टेकतंय. गरम लागतंय जरासं."

"आनि ह्यांनी चपला सोडल्यात," गौराबाई म्हणाल्या. "ह्या उनात. मातीवर भाकर भाजंल असं ऊन, आनि हे अनवानी. म्या म्हनलं, सोडा ते काम, नगं आपल्याला. तर म्हनत्यात, चपलंतनं नीट कळत न्हाय."

"काय नीट कळत नाही?" महेश्वरीनं विचारलं.

मामांनी आपला अधू पाय जवळ ओढला. भूकंपात माळवदाचं लाकूड त्यावर आलं होतं, हे ती आधी ऐकून होती. पोटरीपासून तो वाळलेल्या फांदीसारखा झाला होता.

"ह्यो पाय," ते म्हणाले. "तीस वर्सं झाली, ह्येच्यावर म्या कधी भार टाकला न्हाय. आता टाकतो. खालनं आधार असतोय ना. लई बरं वाटतंय ताई. खरंच."

त्यांच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. महेश्वरीनं ताट बाजूला सरकवलं.

४

त्यानंतर ती पडद्यासमोरून फारशी उठेनाशी झाली. लाईट असेपर्यंत पडदा मोटारींच्या गोंगाटानं भरलेला असायचा, आणि तो गोंगाट तिला बरा वाटायचा. त्यात काही दिसत नसे. मग कुठंतरी खटका पडायचा, एकेक मोटार थांबायची, पडदा निवळत जायचा आणि ती खुर्ची पुढं ओढायची.

भर दुपारी, शिवारात चिटपाखरू नसताना, फिकट रेघ एकटीच चालताना दिसली. मामा तेव्हा समोरच्या बाभळीखाली डोक्याखाली मुंडासं घेऊन झोपलेले होते. दारातून त्यांचं उघडं पोट वरखाली होताना दिसत होतं. रेघ माळाकडून निघाली, लंगडत मामांच्या शेतापर्यंत आली आणि एका जागी थांबली.

"रिकामा झाला कान तिथला," व्यंकट म्हणाला. "थांबलं की काय बी येत न्हाय."

"थांबलं की गेलं?"

"गेलं असतं तर जाताना दिसलं असतं मॅडम."

थोड्या वेळानं त्या जागी एक बारीक थरथर आली. नुसत्या उभ्या माणसानं एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यावा, तशी. खाली कुणीतरी वाट पाहून अवघडलं होतं.

पुढच्या सकाळी मामांची ठळक रेघ उतरली तेव्हा फिकट रेघ तिच्या मागं नव्हती. दोन पावलं पुढं होती. मामा तिच्या मागून येत होते. ती थांबली तिथं थांबत होते, आणि निघाली की निघत होते.

महेश्वरीनं हैदराबादला, या प्रकल्पाच्या प्रमुख सरांना फोन लावला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाई, उन्हाचे दिवस आहेत, काळी माती सुकते, भेगाळते, तारेवरचा ताण बदलतो, म्हणाले. असले आकार आपण खूप पाहिलेत. गोंगाट समजून वगळा आणि नकाशा पुरा करा. त्यांचा आवाज ऐकून तिला खरंच हायसं वाटलं. फोन ठेवेपर्यंत ते टिकलं.

५

"मामा, उद्यापासून तुम्ही यायचं नाही," तिनं सांगितलं. "तारेकडं व्यंकट बघेल. तुमची रोजी चालू राहील."

मामांनी मान हलवली. वाद घातला नाही. सोडून दिलेल्या पायवाटेकडं पाहावं तसं त्यांनी चराकडं पाहिलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मोटारी थांबल्या तेव्हा पडद्यावर फिकट रेघ मामांच्या शेतात त्याच जागी उभी होती. एका पायावरून दुसऱ्या पायावर. व्यंकटनं गौराबाईंना फोन केला. मामा घरीच होते. पडवीत शेंगा फोडत बसले होते.

"पर हात चालंना त्यांचा," गौराबाई म्हणाल्या. "सारखं पाय आपटायलेत. आधी एक, मग दुसरा. म्या म्हनलं काय झालं, तर म्हनत्यात, मुंग्या आल्या."

फोन लाउडस्पीकरवर होता. पलीकडून फरशीवरचा आवाज येत होता. धप्, सर्र. धप्, सर्र. महेश्वरीनं पडद्याकडं पाहिलं. शेतातला ठिपका त्याच लयीत उमटत होता. मामांचं घर तिथून कोसभर दूर होतं.

"बंद करू का पेटी?" व्यंकटनं विचारलं. त्याचा हात बटणापाशीच होता.

"बंद केली तर आपल्याला दिसायचं बंद होईल, एवढंच."

"मॅडम, म्या नळदुर्गला जातो. रागावू नका. माझी बायको आत्ताच बाळंतीण झालीय."

"जा. पण उद्या दुपारपर्यंत थांब."

ती असं का म्हणाली, ते तिला लगेच उमगलं नाही. मग उमगलं. मामांना एकदा, शेवटचं, आपल्याबरोबर चालवायचं तिच्या मनात होतं. मोजता येतं ते सगळं मोजून झालं होतं, फक्त शेजारून चालत पाहिलं नव्हतं. शेजारून पाहिलं की यात काही नाही हे कळेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मामांना विचारलं तेव्हा ते चटकन उठले. गौराबाई दारात आडव्या झाल्या, पण त्यांनी बायकोला हातानं हलकेच बाजूला केलं.

६

दुपारचं ऊन, मोटारी बंद. ज्वारी निघून गेलेलं काळं रान, जिकडंतिकडं भेगा, काही तर हात जाईल एवढ्या रुंद. महेश्वरीनं एका कानात इअरफोन घातला होता. खोलीतून व्यंकट बोलत होता.

"दिसलात मॅडम. तुमची रेघ आली. मामांची बी आली. दोनच हायत."

"बरं. बोलत राहा."

मामा अनवाणी चालत होते. चालता चालता पेरणीचं बोलत होते, औंदा सोयाबीन की तूर. त्यांचा लंगडेपणा कमी झाला होता. अधू पाय ते भक्कम टेकत होते.

"तिसरी आली," व्यंकट म्हणाला. "मामांच्या बरोबर खाली हाय. पावलाला पाऊल."

"अंतर?"

"अंतर न्हायच मॅडम."

ती चालत राहिली. मान वळवायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. मामांचं बोलणं थांबलं. फक्त पावलं. तिच्या बुटांचा आवाज येत होता, ढेकळं फुटत होती. मामांचा कसलाच आवाज येत नव्हता.

"मॅडम." व्यंकटचा आवाज बारीक झाला होता. "मामा कुठं गेले?"

"इथंच आहेत. माझ्या शेजारी."

"त्यांची रेघ दिसंना. तुमची दिसतीया. खालची दिसतीया, लई ठळक. मामांची न्हाय. ते चालायलेत का खरंच?"

तिनं वळून पाहिलं. मामा चालत होते. पाय उचलत होते, टेकत होते. पण टाचेखाली धूळ उठत नव्हती. भुसभुशीत मातीत मागं फक्त तिच्या बुटांचे ठसे होते.

"मामा, थांबा."

ते थांबलेच होते. फिकट रेघ थांबायची तीच जागा. पायाखाली एक लांब भेग गेली होती, आणि अधू पाय तिच्यावर आडवा होता. मामा खाली बघत होते. चेहरा असा, की घरच्या माणसानं दार उघडावं आणि बाहेरचा ओळखीचं हसावा.

महेश्वरी वाकली. वाकायला नको होतं. पण माप घेतल्याशिवाय बोलायचं नाही हे तिच्या हाडात होतं. मामांच्या पायापलीकडं भेग उघडी होती. आत अंधार, आणि अंधाराच्या तोंडाशी, बोटभर खाली, एक टाच. फुटलेली, मातीनं भरलेल्या चिरांची टाच, उन्हातान्हात राबलेल्या कुणाचीही असते तशी. ती वर तोंड करून जमिनीला खालून टेकली होती. आणि तिच्यावर भार होता. तिच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या, उभ्या माणसाच्या पडतात तशा.

तिनं मामांना काखेत धरून ओढलं. पाय निघेना. ती ओरडली, व्यंकटला हाक मारली, इअरफोन कधी पडला कळलं नाही. व्यंकट मोटारसायकल शेतातून तशीच रेटत आला. दोघांनी मिळून उचललं तेव्हा पाय सुटला. ओल्या फरशीवरून तळहात उचलावा तसा आवाज झाला. त्या ठणठणीत कोरड्या रानात.

"सोडा की," मामा पुटपुटले. "सोडा. ते पडंल."

७

डॉक्टरांनी उन्हाची झळ सांगितली. सलाईन लावलं. तळव्यांची कातडी मात्र पातळ झाली होती, नव्या बाळाची असते तशी गुलाबी, आणि त्याचं काय ते त्यांना सांगता येईना. मामांची मुलगी सोनाली उमरग्यात एका दवाखान्यात नर्स होती. तिनं आईवडलांना आपल्याकडंच नेलं. तिची खोली वरच्या मजल्यावर होती, आणि ते महेश्वरीला सगळ्यात बरं वाटलं. निदान मातीवर पाय नको.

पेटी तिनं बंद केली. बंद करण्याआधी एकदा त्या दुपारची नोंद पाहिली. मामांना मोटारसायकलवर घातल्यानंतर फिकट रेघ बराच वेळ त्या जागी फिरत होती, इकडं तिकडं, काही शोधल्यासारखी. मग ती रस्त्याच्या अंगाला निघाली. तारेच्या शेवटच्या टोकापर्यंत लंगडत गेली. पुढं तार नव्हती.

व्यंकट नळदुर्गला गेला तो परत आला नाही. नकाशा अर्धवट राहिला. तिनं सरांना मातीच्या भेगांचं कारण लिहून दिलं आणि लिहिता लिहिता ते तिला पटू लागलं. ऊन होतं. ती दमली होती. भेगेत दगड असतो, एखादं हाड असतं. मामांचे ठसे वाऱ्यानं पुसले असतील. रात्री झोप येऊ लागली.

पावसाळा तोंडावर असताना ती उमरग्याला घरी आली, आणि शनिवारी दुपारी मामांना भेटायला गेली.

मामा खाटेवर बसले होते. पाय पोटाशी घेतलेले, अंगावर सोलापुरी चादर. रंग चांगला होता. तिला पाहून हसले.

"जेवनखान ठीक हाय," गौराबाई म्हणाल्या. "निस्तं खाली उतरत न्हायती. आल्यापासून पाय टेकला न्हाय भुईला. सोनाली आनि म्या उचलून न्हेतो मोरीत. म्हनलं काय हरकत न्हाय, जीव तर वाचला."

"चांगलं केलंत मामा," महेश्वरी म्हणाली. "आता काही वाटत नाही ना पायाला?"

मामांनी खाटेच्या कडेवरून फरशीकडं पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "ताई, ह्या फरशीखाली काय हाय वो? माती न्हाय ना?"

"माती कशी असेल मामा? खाली लोक राहतात."

"व्हय," ते म्हणाले. "तेच म्हनतो म्या."

८

ती जिना उतरत होती तेव्हा खालच्या खोलीचं दार उघडलं.

"यार री?" आतून बाईनं कन्नडात विचारलं. कोण आहे? महेश्वरीनं कन्नडातच नाव सांगितलं, तशी त्या मोकळ्या झाल्या. नीलम्मा नाव त्यांचं. गळ्यात इष्टलिंग, हातात तांदूळ पाखडायचं सूप. मुलगा हायवेवर टायरचं दुकान चालवायचा. दिवसभर त्या एकट्याच.

"वरच्यांकडं आला होता का अक्का? मग त्यांना सांगा की जरा. आमी नव्या मानसाला कसं बोलायचं? पर दिवसभर चालतंय वो कुनीतरी वर. दुपारी डोळा लागला की सुरू. लंगडत चालल्यावानी."

महेश्वरीचा हात जिन्याच्या कठड्यावर होता. तो तिथंच राहिला.

"वर कुणी चालत नाही नीलम्मा. मामा खाटेवर असतात. त्यांना उतरता येत नाही."

"मग म्या काय खोटं बोलते? या, आत या. ऐका तुमीच."

जुन्या पद्धतीची खोली, छत उंच, मधोमध पंखा. लाईट गेलेली होती. खिडकी बंद. महेश्वरी आत जाऊन उभी राहिली. वर खाट करकरली. गौराबाई काहीतरी म्हणाल्या, मामांनी बसल्या जागेवरून उत्तर दिलं. त्यांचा आवाज जिथून आला तिथंच राहिला.

आणि पलीकडच्या भिंतीपाशी पाऊल वाजलं.

धप्. सर्र.

"ऐकलं?" नीलम्मा म्हणाल्या.

छताचा चुना पापुद्र्यासारखा सुटून खाली आला. वरून दाब पडला म्हणून नव्हे. छताच्या या बाजूला, खोलीच्या बाजूला, चुन्यावर एक ओलसर काळा ठसा होता. टाच आणि पाच बोटं. त्याच्या पुढं दुसरा, लांबट, फरपटलेला. महेश्वरी पाहत असतानाच तिसरा उमटला, आणि तिसऱ्यापाशी दुसरं कुणी नव्हतं, काही नव्हतं, नुसती खोलीतली हवा.

धप्. सर्र.

ठसे खाटेखालच्या जागेकडं जात होते. मध्येच थांबले. मग वळले. बोटं तिच्याकडं झाली.

ती हलली नाही. पावलं भिंतीकडून, पंख्याच्या दांड्याला वळसा घालून आली आणि तिच्या डोक्यावर थांबली. तिला हिशोब करायचा नव्हता, पण तो आपोआप झाला. छत एवढं उंच. मामांएवढा माणूस. पाय तिथं वर टेकलेले असतील, तर कंबर इथं. छाती इथं. आणि तोंड...

तिनं डोळे घट्ट मिटले.

"अक्का?" नीलम्मांचा आवाज लांबून आला. "काय झालं वो? बसा की. च्या टाकू का?"

बंद खोलीत, बंद पंख्याखाली, महेश्वरीच्या कपाळावरचे केस हलत होते. ओल्या काळ्या मातीचा वास नाकाशी येत होता, आणि मागं जात होता. येत होता, आणि मागं जात होता.